हृदय सोडून बाकीची अक्का

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या शाळेत पेपर तपासत होते. तशीच धुळ्याच्या एसटीत बसले. पारोळा मागे पडलं तरी डोळ्यांतून टिपूस आलं नाही... डोक्यात एकच माणूस होता. गिरणीचा मॅनेजर.

माझी ही थोरली बहीण धुळ्याच्या एका गिरणीच्या ऑफिसात तीस वर्षं होती. कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचे कागद तीच भरायची. निवृत्तीच्या दिवशी मॅनेजरने हार घातला नि म्हणाला, "तुम्ही घरातल्याच. विम्यात तुमचं नाव राहील." वर्षाने धाप लागून तिला दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, नाव त्याच दिवशी खोडलं होतं.

साठीच्या आजारी बाईला नवा विमा कोण देणार? एक एजंट म्हणाला, आजार लपवा. अक्काने फॉर्मच फाडला. "असले कागद ऐनवेळी कसे परत येतात, ते मी जन्मभर पाहिलंय." शेवटी जळगावात विमा कंपनीचे एक साहेब तयार झाले, पण हृदयाचा आजार वगळून. अक्का म्हणाली, "म्हणजे हृदय सोडून बाकीची अक्का घेताय?" आणि सही केली. हृदयाचं ऑपरेशन मात्र पैशांअभावी लांबतच गेलं.

सूड तिने आपल्या पद्धतीने घेतला. निवृत्तीला आलेल्या कामगारांना धुळ्यातच देवपुरातल्या आपल्या घरी बोलावून, नोकरीत असतानाच प्रत्येकाला स्वतःचा विमा काढायला लावला. "अक्का, मनं बी नाव काढतीन का?" विम्यातून आपलंही नाव जाईल, या धास्तीने एकाने विचारलं. "तुम्हनं काय, बठ्ठासनं काढतीन!" सगळ्यांचंच जाणार, असं अक्काने बजावलं.

मग मॅनेजरचीच निवृत्ती आली. त्याला रक्तदाब. आपल्याला कुठला विमा मिळेल, हे विचारायला तो तिच्याकडेच आला. अक्काने चहा पुढे ठेवला. "तुम्हाला कशाला हवा, साहेब? तुम्ही तर घरातलेच." कप तसाच ठेवून तो उठला. हे मला सांगताना ती इतकी हसली, की धाप लागली...

तेराव्याला तो आला. "फार मोठ्या मनाच्या होत्या," म्हणाला. मी म्हटलं, "मन मोठंच होतं. हृदयाला विमा नव्हता." पाणीही विचारलं नाही मी त्याला.

आता दर रविवारी मी देवपूरला तिच्या खोलीत बसते. कामगार अजून येतात, त्यांचे फॉर्म भरून देते. मेल्यावर वैर संपतं म्हणतात. पण मेली ती अक्का... मॅनेजर रोज या खिडकीखालून, पांझरा नदीच्या काठाने फिरायला जातो. खिडकी मी उघडीच ठेवते. मान वर केली, की त्याला मी दिसले पाहिजे.