बैल नसलेला घाट

मुलीच्या शाळेत स्प्रेकबर्ट असतो. आवडीच्या विषयावर वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचं. इथे हॉलंडमध्ये, आमच्या नीउ-व्हेनेप गावातली बाकीची मुलं ससे आणि फुटबॉल निवडतात. आमच्या कन्येने निवडला माझ्या गावचा घाट. दिवाळीत तिने तो रिकामा पाहिला होता, लांब सरळ चढ आणि दोन्ही बाजूंना दगडी बांध.

तो बैलगाडा शर्यतीचा घाट. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तरुणपणी गावाबरोबर दगड वाहून तो बांधला. शर्यतींवर बंदी होती तेव्हाही ते त्यातलं गवत उपटत राहिले. नातीचं ऐकून त्यांनी हौसेने माझ्या फोनवर तीस-चाळीस फोटो पाठवले: घाट, देऊळ, ढोल, गुलालात न्हालेले बैल, उधळलेले बैल, बैलाच्या गळ्यात हात टाकून उभे आबा.

इथे आमच्या गल्लीत निम्मी माणसं जनावरांच्या दयेपोटी मांस सोडून बसलेली. वर्गाच्या बाई काय म्हणतील? कुणी विचारलं, बैलांना मारतात का, तर पोर काय सांगणार? आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. शेवटी बैलांचा एकेक फोटो मी काढून टाकला आणि तिला सांगितलं, "हे यात्रेचं मैदान आहे. लोक जमतात, ढोल वाजतात."

"तुला भीती नक्की कशाची वाटतेय?" बायकोने विचारलं. मी तिच्यावरच चिडलो. चोराच्या मनात चांदणं.

भाषण छान झालं, बाईंनी कौतुक केलं. आबांना ते दाखवायचं मी दोनदा टाळलं. रविवारी मुलीने स्वतःच व्हिडिओ कॉल लावला आणि फोटोंसकट तेच भाषण पुन्हा केलं.

आबा चष्मा लावून बसले. डच त्यांना कळत नाही, पण फोटो कळतात. बांध, चढ, ढोल, देऊळ. संपलं तरी ते स्क्रीनकडे पाहत राहिले.

"घाट चांगला दिसतोय," ते म्हणाले. "पण बैलं कुठं गेली?"

"वेळ कमी होता, आबा."

"आसंल. तिकडच्या लोकांना नाय कळायचं." मग जरा हळू आवाजात, "पण पोरीला तरी सांगितलंस ना?"

मुलीला मराठी सगळं समजतं, बोलत तेवढी नाही. तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

"वेल्के बैल, बाबा?" कुठले बैल, म्हणे.

आबांना तेवढं डच कळलं.