सईदा चाचीनं दुरुस्त केलेली प्रश्नावली

मी पौर्णिमा. अमरावतीत मानसशास्त्र शिकवते, आणि मला राग फार लवकर येतो हे आधीच सांगून टाकते. तिवस्याच्या एका बांगड्यावालीनं माझ्या दोन वर्षांच्या कामाला तोंडावर "खोटाडा कागद" म्हटलं, तेव्हा तर माझं डोकंच फिरलं.

ती बांगड्यावाली म्हणजे सईदा चाची. वय साठीच्या पुढं, नाकात चमकी, तोंडात सदा सुपारी. नवरा अब्दुल रहीम डोक्यावर पेटी घेऊन गावोगाव फिरायचा. तो गेल्यावर चाचीनं दुकान टाकलं. दुकान कसलं, चार बायका बसल्या की पाचवी बाहेर. तिवस्यातल्या दोन पिढ्यांच्या मनगटांची मापं तिला तोंडपाठ. कुणी भावावरून घासाघीस केली की उखडायची, "घे ना बाई, फुकट घे, दुकानच घेऊन जाय!" आणि शेवटी दोन बांगड्या वरून भरायची.

माझं काम असं, की अपघात झाला किंवा मोठा धक्का बसला म्हणजे काही माणसांचं शरीर पुढं महिनोन् महिने पहाऱ्यावरच राहतं. जरा खट्ट झालं की दचकतात, झोप लागत नाही, जीव सारखा टांगणीला. हे ओळखायची एक इंग्रजी प्रश्नावली मी मराठीत आणली होती. तज्ज्ञांनी तपासली, एकानं मराठीतून परत इंग्रजी करून पाहिली, शब्दाला शब्द जुळला. आता ती बायकांना विचारून पाहायची होती. घरी विचारावं तर सासू शेजारी ठाण मांडून बसे आणि सुनेच्या आधी तीच उत्तर देई. म्हणून चाचीचं दुकान गाठलं. बांगड्या भरून होईस्तोवर बाई जागची हलत नाही, आणि सोबतची मंडळी बाहेर थांबतात.

पहिल्या आल्या सुभद्राबाई. शेतकऱ्याघरची बाई, धिप्पाड, बोलायला कमी. मी वाचलं, "गेल्या महिन्यात तुम्हाला सतत सावध असल्यासारखं वाटलं का? कधीच नाही, कधीकधी, की नेहमी?"

"कधीच नाई."

"लहानशा आवाजानं दचकता?"

"छ्या!"

वीसच्या वीस प्रश्नांना हेच. मी बेरीज केली, शून्य. "एकदम ठणठणीत आहात," मी म्हटलं, आणि त्या निघून गेल्या.

चाचीनं पचकन सुपारी थुंकली. "खोटाडा हाय तुहा कागद! वीस वर्सं झाली तिचा हात धरून राहिली मी. आंदी कसा नरम यायचा. आता रस्त्यानं ट्रॅक्टर गेला का मूठ आवळते. आज पाच बांगड्या वाढल्या, पाय खाली." खाली खरंच पाच बांगड्यांचे तुकडे पडले होते.

मग चाचीनं सगळं सांगितलं. कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेवरून येताना सुभद्राबाईंचा ॲटो उलटला. फक्त खरचटलं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण तेव्हापासून बाई कुठल्याच गाडीत बसली नाही. विचारलं तर म्हणते गुडघे दुखतात. नवरा सूर्यभानभाऊ म्हणतो, म्हातारी हट्टी झाली. आणि तिकडं अकोल्यात लेक गीतांजली बाळंत झालेली. सातव्या महिन्यातच जन्मलेली नाजूक पोर, डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हटलेलं. आजीनं नातीचं तोंड पाहिलेलं नाही.

"लेक म्हनते, आई आल्याबिगर मी पाळन्यात घालत नाई. तीन मयने झाले, लेकरू बिननावाचं हाय. सासरचे टोमने मारून राहिले. अन् तुहा कागद म्हनते ठणठणीत!"

"मंग तुमीच सांगा ना काय इचारू!" मी ओरडलेच. राग आला की माझी पुस्तकी मराठी पळून जाते.

चाचीनं नवी सुपारी तोंडात टाकली. "बाईले मनाचं इचारू नको. मनाचं दुखनं सांगतलं का लोक पागल म्हनतात. तिच्या कामाचं इचार. कामाचं बाई खरं सांगते."

मी राग गिळला आणि वही काढली. पंधरा दिवस दुकानातच बसले. चाची बांगड्या भरता भरता बायकांना बोलतं करायची, मी लिहून घ्यायची. माझ्या पीएचडीच्या गाइडनी नवे प्रश्न पाहून कपाळाला हात लावला. "मूळ इंग्रजीत कुकर कुठं आहे?" मी म्हटलं, "नसू दे सर, इथं घरोघरी आहे."

सुभद्राबाई पुन्हा आल्या. मी विचारलं, "कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच तुम्ही गॅसपाशी जाऊन उभ्या राहता का?"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "तुले कोनं सांगतलं?"

"कोणी नाही. इतरही बायका असं करतात."

"उभी नाई राहिली तं शिट्टीनं जीवच जाते माहा," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "मले वाटे मीच एकटी अशी हाय." या वेळी जवळजवळ सगळी उत्तरं 'नेहमी' आली. शून्य मांडून ठणठणीत म्हणणाऱ्या स्वतःची मला भयंकर लाज वाटली.

तिवस्याच्या दवाखान्यात दर बुधवारी समुपदेशक येतात, त्यांच्याकडं मी सुभद्राबाईंना घेऊन गेले. त्यांच्या सांगण्यावरून पहिला आठवडा गावातल्या ॲटोवाल्या गुलफामचा ॲटो दुकानासमोर नुसता थांबवला. मागच्या सीटवर चाची आणि सुभद्राबाई चहा पीत बसायच्या. लोक हसायचे. चाची ओरडायची, "काय पायता रे, तिकीट लावू काय?" सूर्यभानभाऊ दोन दिवस कुरकुरले, तिसऱ्या दिवशी भज्यांचा पुडा घेऊन स्वतःच ॲटोत येऊन बसले. मग ॲटो नाक्यापर्यंत गेला, मग शेजारच्या मोझरी गावापर्यंत. असे दोन महिने गेले आणि एका रविवारी आम्ही सगळे अकोल्याच्या एसटीत बसलो. वाटभर सुभद्राबाईंनी चाचीचा दंड सोडला नाही. "बाई, माहा हात हाय हा, एसटीचा दांडा नोय," चाची म्हणाली, आणि सगळी बस हसली.

बारशाला घर भरलेलं. पाळण्याच्या एका बाजूला सुभद्राबाई. दुसऱ्या बाजूला गीतांजलीनं हट्टानं चाचीला उभं केलं. "तुमची रीत हाय, मी काहून?" चाची मागं सरली. "माह्या आईले तुमीच आनलं, तुमीच घ्या," गीतांजली म्हणाली. पोर पाळण्याखालून इकडून तिकडं झाली, परत सुभद्राबाईंच्या हातात आली, आणि नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरात पितळी परात धाडकन पडली.

सगळ्यांच्या माना सुभद्राबाईंकडं वळल्या. पोरीनं हातपाय झाडून टाहो फोडला. "सुभद्रे!" सूर्यभानभाऊ पुढं धावले.

सुभद्राबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. पोर मात्र छातीशी होती.

"काय पाहून राहिले सारे?" त्या म्हणाल्या. "दचकली. हे बी दचकली, मी बी दचकली. सोडलं काय म्या तिले?"

मग पोरीच्या आत्याकडं वळून म्हणाल्या, "ये वो बाई, नाव सांग आता माह्या नातीच्या कानात."