व्हर्नाचा कोपरा

जो पुढे आहे त्याला आपली गरज नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं? त्याचं नाव सांगा. मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत, आणि दोन्ही चांगले नसतील.

तोवर व्हर्ना कोलारिकचं ऐका. आयोवातल्या आमच्या गावात ती शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. अंगाने दांडगी, तोंडाने त्याहून. मुख्याध्यापकसुद्धा ताट पुढे करताना खाली बघतो. राजकारणाचं नाव काढलं की पूर्वी ती मारायला आमटीचा डाव उगारायची. पण तिची मुलगी डोरीन सव्वीस वर्षांची झाली आणि नियमाप्रमाणे आईच्या विम्यातून बाहेर पडली. डोरीनला लहानपणापासून मधुमेह. आता ती महागडं इन्सुलिन पुरवून घेते, म्हणजे लागतं त्याहून कमी. आईला म्हणते, "मी बरी आहे गं." व्हर्नाला तिचे सुकलेले ओठ दिसतात.

उन्हाळ्यात गव्हर्नर टॅल्बट जत्रेत आल्या, पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागत. व्हर्नाने कोपरं मारत गर्दी फोडली आणि त्यांना गाठलं. बाईंनी तिचा हात धरून शब्द दिला: मी आले तर इन्सुलिनवाचून कुणी राहणार नाही. उमेदवार शब्द देतातच, ते मला कळतं. व्हर्नालाही कळतं. पण बुडणारा माणूस दोर कुणाचा ते विचारत नाही. तेव्हापासून ती माझ्याबरोबर टॅल्बटसाठी मतं मागत दारोदार फिरली. कुत्री अंगावर घेतली, शिव्या घेतल्या, दुप्पट परत केल्या.

मतदानाआधीच्या शनिवारी पेपरात मतदारांची पाहणी आली. टॅल्बट पहिल्या, तीच उमेदवारी मागणारा सिनेटर ब्रांट बराच मागे. टीव्हीवरचे शहाणे म्हणाले, आयोवा त्यांच्या खिशात आहे, पुढची राज्यंही मागोमाग येतील. व्हर्नाने डोरीनला मिठी मारली. मग आमच्या लोकांना आठवण करून द्यायला तिने फोन लावले आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"अगं, आपली जिंकतेय की! एवढ्या बर्फात मी म्हातारी कशाला पाय मोडून घेऊ?"

"आजी, पाय मोडला तर मी उचलून नेते. पण या!"

"तू तर ना, व्हर्ना! जिंकल्यावर केक घेऊन ये."

ज्याने आकडा काढला त्याने गरम स्वयंपाकघरात बसलेल्या लोकांना विचारलं होतं. बर्फात कोण निघणार, ते कुणी विचारलं नव्हतं.

आमच्याकडे उमेदवार असा पेटीत चिठ्ठी टाकून निवडत नाहीत. सगळ्या गावासमोर आपल्या माणसाच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. शंभरातले पंधरा जमले नाहीत तर कोपरा मोडतो, आणि त्यातल्यांना दुसरीकडे जावं लागतं. ज्यांचा जमला, त्यांना मात्र जागचं हलता येत नाही. त्या संध्याकाळी व्हर्नाच्याच शाळेच्या जेवणघरात सगळे जमले. हिशेबाने बारा माणसं लागत होती. आमच्याकडे तेरा होती, अगदी काठावर. व्हर्ना आणखी एका म्हाताऱ्याला गाडीतून उतरवायला बाहेर धावली. तो उतरायला तयार नव्हता. ती एकटीच परतली, तेव्हा मोजणी झाली होती.

तिला धरून आमचे अकरा.

"दोघं कुठे गेले?" ती ओरडली.

वाव्रा बंधू, सिरिल आणि नॉर्बर्ट, समोरच्या कोपऱ्यात टोप्या हातात धरून उभे होते. तो कोपरा पिकेट नावाच्या उमेदवाराचा. देशात त्याला कुत्रं विचारत नाही, पण आमच्या चर्चची ऑर्गनवाली हॅरिएट लुंड त्याच्यासाठी उभी होती.

"सिरिल, तिथे काय करतोयस मेल्या?"

"हॅरिएटला दोन कमी पडत होते गं," सिरिल लाजत म्हणाला. "आईच्या अंत्यविधीला तिने वाजवलं होतं. बाईमाणसाला सगळ्यांसमोर कोपरा मोडायला लावायचा म्हणजे... बरं दिसलं नसतं."

"आणि आपली तर पुढेच आहे ना," नॉर्बर्टने जोड दिली. "पेपरात आलंय."

हे फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. आम्ही वाटेत गाडी अडवणाऱ्यालाही आधी 'माफ करा' म्हणतो. भलेपणाने इथे जेवढी वाट लावली, तेवढी वैऱ्याने लावली नसती.

"आता या परत!"

सभेचा अध्यक्ष ऑर्व्हिल, त्याने नकारार्थी मान हलवली. "पिकेटचा कोपरा जमला, व्हर्ना. त्यांना हलता येणार नाही. नियम आहे."

"नियम गेला चुलीत! माझी पोर आहे रे घरी!"

हॅरिएट रडायला लागली, पण रडून माणूस मोकळा होत नव्हता. मोकळी अशी तीनच होती, कुणाच्याच कोपऱ्यात न गेलेली. त्यांतला एक जण पुरे होता. व्हर्ना लोरेटा स्मिथबर्गसमोर जाऊन उभी राहिली. दोघी एकाच गल्लीतल्या. कधी कुणापुढे न वाकलेल्या या बाईने लोरेटाचे दोन्ही हात धरले.

"लोरेटा, बाई, एकदाच ये. डोरीनला तू मांडीवर खेळवलंयस."

"तुझी जिंकणारच आहे गं," लोरेटा मायेने म्हणाली. "मागे पडलेल्याला थोडा हात द्यावा म्हणते." आणि ती तिघं ब्रांटच्या कोपऱ्यात गेली. तिथे त्यांना टाळ्या मिळाल्या, कोलाच नावाचे गोड पावही मिळाले. आमचा कोपरा मोडला. व्हर्ना कुठेच गेली नाही. रिकाम्या भिंतीपाशी ती एकटी उभी राहिली, आणि ते कुणी मोजलं नाही.

असं किती गावांत झालं कोण जाणे. सकाळी टॅल्बट राज्यात तिसऱ्या होत्या. तेच शहाणे त्याच खुर्च्यांत बसून म्हणाले, बाई संपल्या. एकानेही माफी मागितली नाही. डोरीन म्हणाली, "जाऊ दे गं आई," आणि भिंतीला धरून उठली.

आता पुढचं राज्य न्यू हॅम्पशायर. तिथेही हरल्या तर टॅल्बट घरी जाणार, आणि त्यांच्याबरोबर तो शब्दही. तिथल्या ताज्या पाहणीत बाई अजून थोड्या पुढे आहेत. मी हे सांगितलं तेव्हा व्हर्ना "देवा, नको," म्हणाली. शाळा सुटली की ती तिथल्या अनोळखी घरांना फोन लावत बसते. घसा बसलाय, थांबत नाही.

तुम्ही तिथले असाल आणि असा घसा बसलेल्या बाईचा फोन आला, तर ठेवू नका. पाहणीचं तिला सांगू नका. येत्या मंगळवारी घराबाहेर पडा आणि तिच्यासाठी टॅल्बटना तुमचं मत द्या.