खळं आणि सिमेंटची पोती

नवापूरच्या किनाऱ्यावर आमचं खळं होतं. बांबूच्या वलांड्या उभ्या करून त्यावर आम्ही बोंबील वाळत घालायचो. सासूनं तिथंच घातले, तिच्या सासूनंही. जागेचा कागद मात्र कुणाकडे नव्हता.

तारापूरच्या बाजूला बांधकामं निघाली तेव्हा ठेकेदाराचा एक साहेब आला. भाद्रपदातली वद्य अष्टमी होती. भरतीचं पाणी जिथं थांबलं तिथं त्यानं खुंटी मारली आणि वरची जागा, म्हणजे आमचं खळं, सिमेंटच्या गोदामाला घेतली. ही जमीन सरकारची, म्हणाला.

अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही. सासूनं त्याला सांगितलं, "सायब, अमोशेला उधाण येतं. हिते गुडघाभर पाणी होतं. आमी त्या दिशी माल काढून नेतो."

"मावशी, मी समुद्र पुस्तकात शिकलोय."

"मंग पुस्तकं वाळत घाला हिते."

त्याचीच माणसं हसली. साहेबानं तेव्हाच आमच्या वलांड्या उपटायला लावल्या. ओले बोंबील वाळूत पडले. सासू वाकून एकेक वेचत होती आणि तो तिच्या हातापाशी सिगारेटची राख झाडत उभा होता. मी पदर दातात धरून बघत राहिले. माणसाचं वाईट व्हावं असं मला इतकं मनापासून कधी वाटलं नव्हतं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी त्याचा मुकादम प्यायला पाणी मागत दारात आला. पोती रचून झाली होती. "भाभी, दर्या का पानी कहाँ तक चढता है?" त्यानं विचारलं. सासू बाजारात गेली होती. मी तांब्या पुढे केला.

"मला नाय ठावं."

सर्वपित्रीला दुपारी पाणी आलं. गोदामाच्या पत्र्याखालून शिरलं आणि खालच्या पोत्यांत मुरलं. माणसं पोती ओढत पळत होती. मी खीर ढवळत दारातून बघत होते. मला दया आली नाही.

चार दिवसांनी साहेब घरी आला, चपला बाहेर काढून. "मावशी, पाणी येत नाही अशी जागा दाखवा."

"दावते, पण आदी आमचं खळं मोकळं करा," सासू म्हणाली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीचं पान आणलं आणि लिहिलं, हे खळं या घराचं आहे, ते रिकामं करून देतो, पुन्हा मागणार नाही.

"तुम्हाला लिहिता येतं?" तो म्हणाला.

"चौथीपर्यंत. सही करा."

त्यानं केली. अशा कागदाला कचेरीत कुणी विचारत नाही, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्यालाही तेव्हा ठाऊक नसावं, किंवा घाई असावी. दोन दिवसांत खळं मोकळं झालं.

मग सासूनं त्याला केवड्याच्या बनापलीकडची उंच जागा दाखवली. दिलेला शब्द तिनं पाळला. मला मात्र वाटत होतं, अजून एक अमावास्या जाऊ द्यायला हवी होती.