मागच्या दाराचा बाक

आमच्या गावात अ‍ॅव्होकाडो विकत घेणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाही तर त्याचं शेजाऱ्यांशी पटत नसतं. सॅन डिएगोच्या उत्तरेला या डोंगरउतारांवर घराघरात एखादं तरी झाड आहेच, आणि हंगामात त्याला एवढी फळं लागतात की घरातल्यांना ती बघवेनाशी होतात. मग ती कागदी पिशवीत भरायची आणि स्विगर्टच्या खाणावळीत मागच्या दाराशी जो लाकडी बाक आहे त्यावर नेऊन ठेवायची. पिशवीवर तोडल्याची तारीख आणि झाड ज्याने लावलं त्याचं नाव. त्याचे पैसे नाहीत की आभार नाहीत. पुढच्या वेळी गेलात की लव्हर्न न विचारता तुमच्यापुढे सँडविच आणून ठेवणार, एवढंच.

लव्हर्न टिप्टन त्या तव्यावर सत्तावीस वर्षं उभी होती. अंगापिंडाने दणकट, उजव्या हातावर कोपरापर्यंत चटक्यांचे डाग. दोन लग्नं केली. पहिला नवरा वारला आणि दुसऱ्याला तिने घालवला. बोलायची कमी, ऐकवायची जास्त. मी एकतीस वर्षं फळांच्या वखारीत माल निवडायचं काम केलं, म्हणजे अ‍ॅव्होकाडोतलं मला कोणी शिकवावं असं नाही. पण माझीही पिशवी तिने दोनदा परत पाठवलेली आहे. तिचा एक नियम होता. फळ कात्रीनेच कापायचं आणि देठाची बटणाएवढी टिकली फळावरच राहिली पाहिजे. हाताने ओढलं की टिकली झाडावर राहते आणि फळ तिथूनच सडायला लागतं. ती प्रत्येक फळाचं देठ अंगठ्याने चाचपून बघायची. टिकली नसली की पिशवी परत. मग ती पाद्रीबाबांची का असेना.

सँडविच म्हणाल तर बेकन, चीज, अ‍ॅव्होकाडो आणि आंबवलेल्या पिठाचा जाड पाव. यात लपवण्यासारखं काही नाही, आणि तरी तसं दुसऱ्या कोणाला जमलं नाही. बेकन ती तव्याच्या कोमट कोपऱ्यात टाकून वर लोखंडी वजन ठेवायची आणि विसरल्यासारखी करायची. त्याची चरबी सुटली की तिच्यातच लोण्याचा गोळा फिरवून त्यावर पाव. दोन्ही कापांवर चीज, मधे बेकन, मंद आच, वर पालथं पातेलं. चीज कडेने ओघळून तव्यावर कुरकुरीत जाळी धरायचं, ती जाळी ती कालथ्याने उचलून परत पावालाच चिकटवायची. सगळं झाल्यावर सँडविच उघडायची, त्यात गार अ‍ॅव्होकाडोच्या जाड फोडी, मीठ, लिंबाचे चार थेंब, आणि पुन्हा बंद. अ‍ॅव्होकाडो तव्यावर कधीच नाही. तापला की कडू होतो. हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे.

ठाऊक नव्हतं ते ट्रेंटला. किंवा होतं, आणि विसरला होता. म्हाताऱ्या स्विगर्टचे गुडघे गेले, तो लेकीकडे ॲरिझोनाला गेला, आणि हा त्याचा मुलगा फिनिक्सच्या कुठल्याशा हॉटेलकंपनीतली नोकरी सोडून गल्ल्यावर येऊन बसला. पोरगा वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. पण त्याला सगळं मोजून हवं होतं. विमावाला येऊन त्याला सांगून गेला की मागच्या दाराने कोणाच्याही परसातली फळं घेऊ नका, उद्या कोणाचं पोट बिघडलं तर निस्तरत बसाल. झालं. एका गुरुवारी सकाळी बाक दिसेना, आणि बाकावरच्या सगळ्या पिशव्या कचऱ्याच्या डब्यात.

त्यात माझी पिशवी होती. तिच्यावर ‘आर्डिस’ असं लिहिलेलं होतं. आर्डिस माझी बायको. झाड तिने लावलं, तिला जाऊन दोन वर्षं झाली, आणि त्या पिशवीवर तिचं नाव लिहिण्यापलीकडे ते नाव लिहायची वेळ माझ्यावर आता कुठेच येत नाही. कचऱ्यात ते नाव बघून मला काय झालं ते मी लव्हर्नलाही सांगितलं नाही. घरी आलो, आर्डिसची कात्री शेडमध्ये भिरकावली आणि ठरवलं, पडू देत फळं खाली.

ट्रेंटने आमच्या फळांऐवजी अ‍ॅव्होकाडोच्या गोठवलेल्या हिरव्या गराच्या पिशव्या आणल्या होत्या. गर आधीच पावात भरायचा आणि सगळं एकदम तव्यावर टाकायचं, तीन मिनिटांत सँडविच तयार, असा त्याचा हिशेब.

शुक्रवारी लव्हर्नने गर हातातही धरला नाही. तिने बेकन आणि चीजचं सँडविच केलं, पण बंद न करता दोन काप उघडेच ताटलीत ठेवले. समोर डेल बसला होता, पाण्याच्या पाइपांची कामं करतो तो. त्याने ताटलीकडे बघितलं, लव्हर्नकडे बघितलं, आणि कोटाच्या खिशातून अ‍ॅव्होकाडो आणि चाकू काढला. दुपारपर्यंत ही बातमी गावभर. मग जो येईल त्याच्या खिशाला फुगवटा. शिक्षिका पर्समधून काढतायत, डाकवाला थैलीतून काढतोय. लोकांनी स्वतःच्या ताटलीत स्वतःचं फळ कापलं तर विमावाला काय करणार?

शनिवारी सकाळी खाणावळ गच्च भरलेली. ट्रेंट तव्याजवळ आला. कान लाल झालेले.

“लव्हर्न, मेनूवर अ‍ॅव्होकाडो सँडविच लिहिलंय. तू ते देत नाहीयेस.”

“मी सँडविच देतेय. अ‍ॅव्होकाडो त्यांचा त्यांनी आणलाय.”

“मी आणलाय ना. फ्रीजमध्ये आहे.”

“फ्रीजमध्ये हिरवा रंग आहे, ट्रेंट. तो तू भिंतीला लाव.”

डेल हसला. हसायला नको होतं, त्यामुळे ट्रेंटला आता मागे फिरता येईना.

“माझा बाप तुला घाबरायचा, मी घाबरत नाही. तो गर भरून सँडविच कर, नाही तर एप्रन काढ.”

लव्हर्न तेव्हा सहासष्ट वर्षांची. या वयात दुसरीकडे कुठे तिला तवा मिळणार होता? घरी मांजर आणि रेडिओ. तो तवा गेला असता तर तिच्याकडे सकाळी उठायला कारण राहिलं नसतं, आणि हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. मलाही. मी खाली मान घालून कॉफी ढवळत बसलो. त्याची मला अजून लाज वाटते.

तिने बेकनवरचं वजन बाजूला केलं, आच बारीक केली, हात पुसले, एप्रन काढलं आणि त्याची घडी करून ट्रेंटच्या हातात दिलं. मग ती काउंटरला वळसा घालून या बाजूला आली आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. सत्तावीस वर्षांत ती या बाजूला बसलेली मी पाहिली नव्हती. पर्स मांडीवर ठेवली आणि म्हणाली, “एक सँडविच. बेकन आणि चीज. उघडंच दे.”

“काय?”

“गिऱ्हाईक आहे मी. भूक लागलीय. पहाटेपासून उभी आहे.”

ट्रेंटने माणसांकडे बघितलं. माणसं त्याच्याकडे बघत होती. आठ ताटल्या अडल्या होत्या आणि तव्यावर कोणी नव्हतं. त्याने एप्रन बांधलं.

पहिलं सँडविच त्याने जाळलं. लव्हर्न ते बघून म्हणाली, “हे मी खाणार नाही.” दुसऱ्याचं चीज आत थंडच राहिलं. तेही तिने बोटाने परत सरकवलं. तिसऱ्याला त्याने आच वाढवायला हात पुढे केला.

“आचेला हात लावू नकोस,” ती बसल्या जागेवरून म्हणाली. “आता पालथं पातेलं ठेव. उचलून बघू नकोस. मी सांगेन.”

“किती वेळ?”

“मी सांगेन म्हटलं ना.”

तो थांबला. आम्ही सगळे थांबलो. तुम्हाला खोटं वाटेल, पण पाव भाजला जात होता त्याचा आवाज ऐकू येत होता. मग ती म्हणाली, “आता,” आणि त्याने पातेलं उचललं. चीजची जाळी धरली होती. अर्धी तुटली, पण अर्धी त्याने कालथ्यावर घेतली आणि पावाला चिकटवली. ताटली त्याने तिच्यापुढे ठेवली.

लव्हर्नने पर्स उघडली आणि एक अ‍ॅव्होकाडो काढला. काळपट, नेमका पिकलेला, देठाला टिकली.

“हे आर्डिसचं,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “गुरुवारी डब्यातून काढलं. धुतलंय.”

मी कॉफीचा कप बाजूला सारला.

तिने ते कापलं, फोडी पावावर मांडल्या, मीठ घातलं, सँडविच बंद करून मधोमध कापलं, आणि अर्धं काउंटरवरून ट्रेंटपुढे सरकवलं.

“खा. लहानपणी त्याच झाडाला दगड मारून फळं पाडायचास. आठवतं का बघ.”

त्याने उभ्याउभ्याच खाल्लं. एक घास, दुसरा घास. कोपरापर्यंत लोणी ओघळलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. तिनेही आपलं अर्धं सावकाश संपवलं, बोटं पुसली आणि बिलाचे पैसे ताटलीखाली ठेवून उठली.

“लव्हर्न,” ट्रेंट म्हणाला. “सोमवारी येशील ना?”

“विमावाल्याला काय सांगशील?”

“फळं मी घासूनपुसून धुऊन घेईन. प्रत्येकाचा पत्ता लिहून ठेवीन. बघतो काय ते.”

“ते तू बघ. बाक होता तिथे पाहिजे. आणि ते एप्रन धुऊन आण, बेकनची चरबी सांडलीस त्यावर.”

सोमवारी बाक जागेवर होता. एप्रन धुतलेलं होतं, पण इस्त्री नव्हती, यावर लव्हर्न पुष्कळ वेळ बोलली. मला काही राहवलं नव्हतं. उजाडताच झाडाखाली जाऊन हाताला येतील तेवढी फळं भराभर तोडली, पिशवीवर ‘आर्डिस’ लिहिलं आणि सगळ्यांच्या आधी नेऊन बाकावर ठेवली.

काउंटरवर बसलो तर लव्हर्न माझी पिशवी घेऊनच बाहेर आली. एक फळ काढलं, देठावर अंगठा फिरवला, दुसरं काढलं. पिशवी माझ्यापुढे ठेवली.

“वेंडल, हाताने ओढलीस ही.”

“घाईत होतो.”

“पिशवीवर नाव कोणाचं लिहिलंयस, वाचलंस का? तिने असली फळं दिली असती?”

ट्रेंट गल्ल्यावरून बघत होता. मी पिशवी उचलली आणि कात्री शोधायला घरी गेलो.