ताइफला गेले, मक्केला नाही

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. सुरमईच्या तुकड्यांना मसाला चोळून डबे फ्रीजरमध्ये रचत होते. संध्याकाळचं विमान होतं आणि पाच दिवस घरात दोन पुरुष उरणार होते, एक नवरा आणि एक दहावीतला मुलगा. दोघांनाही मासे तळता येतात, साफ करता येत नाहीत.

पुरुष जुम्म्याच्या नमाजला गेले की आमच्या मजल्यावरच्या बायका एकमेकींकडे डोकावतात. समोरच्या फ्लॅटमधल्या भाभी आल्या. त्या माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, रायगडच्या. सौदीत, खोबरमध्ये आम्ही आलो तेव्हापासून शेजारी. हॉलमध्ये उघडी बॅग दिसली.

"अगो, कुठे चाललीस?"

"ताइफला."

"एकटी?"

"हो. ह्यांना सुट्टी नाही."

भाभींचा चेहरा उजळला. "म्हणजे उमऱ्याला! आणि सांगितलं नाहीस होय? अल्लाह कबूल करो."

यात त्यांची चूक नव्हती. आमच्या इमारतीतून बॅग घेऊन पश्चिमेकडे कुणी गेलं तर ते उमऱ्यालाच, मक्केच्या छोट्या यात्रेला. जेद्दाचं तिकीट महाग पडलं की लोक ताइफला उतरतात आणि तिथून गाडीनं मक्का गाठतात. नवरा आणि मूल घरी ठेवून बाई एकटी निघाली, तर त्याला दुसरं कारण असू शकतं हे कुणाच्या डोक्यात येणार नाही. माझे हात मसाल्यानं माखलेले होते. मी 'आमीन' म्हटलं. 'आमीन' म्हणणं खोटं नसतं, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

खरं कारण सांगायला अवघड होतं. वर्षभर मी कंत्राटदार कंपनीच्या खरेदी विभागात फोनवर ओरडत होते. ब्लड प्रेशरची गोळी सुरू झाली होती. पुण्याला शिकणारी माझी मुलगी म्हणाली, "अम्मी, सोलो रिट्रीट घे." मला ते शब्द चालत नाहीत, पण कल्पना डोक्यात राहिली. ताइफच्या वर, शफाच्या रस्त्यावर, एका डाळिंबाच्या बागेत छोटं घर भाड्यानं मिळत होतं. काही दिवस राहून बघायचं आणि जमलं तर वर्षभरासाठी घ्यायचं, कारण माझं बरंचसं काम घरून होऊ शकत होतं आणि नवऱ्याचं कंत्राट संपत आलं होतं. त्यानंतर मुंब्र्याच्या फ्लॅटमध्ये परत जाऊन बसायची माझी तयारी नव्हती. हे नवऱ्याला माहीत होतं. "भाभींना सांगून टाक," तो आदल्या आठवड्यात म्हणाला होता. "काय सांगू? झाडं बघायला चालले म्हणून?" "मग काय, माकडंसुद्धा आहेत तिथे."

भाभी जायला उठल्या आणि दारात थांबल्या. त्यांच्या मुलीचा गर्भ दोनदा तिसऱ्या महिन्यातच पडला होता. आता पुन्हा तिसरा महिना होता, आणि सोमवारी बाळाचे ठोके बघायचे होते.

"काबा दिसला ना, पहिली नजर पडली की दुआ कबूल होते," भाभी म्हणाल्या. "तुझं काय असेल ते नंतर माग गो. पहिलं माझ्या लेकीचं माग. मी कधी कुणाकडे असं मागितलं नाही."

त्यांनी माझा मसाल्याचा हात तसाच धरला. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "सोमवारी हॉस्पिटलला टॅक्सी मागवा. मी नाहीये." एरवी त्यांना आणि मुलीला मीच नेते. भाभींना गाडी येत नाही आणि जावई महिनोन्महिने साईटवर असतो.

"टॅक्सीचं बघू. तू तिकडचं बघ."

शनिवारी सकाळी बागेतल्या घरात जाग आली ती थंडीनं. खोबरमध्ये नोव्हेंबरात एसी बंद होतो एवढीच थंडी. इथे तोंडातून वाफ निघत होती. मालकीणबाई चहाचा थर्मास आणि ताजी रोटी ठेवून गेल्या. पहिला अर्धा दिवस मला काय करावं कळेना, म्हणून मी स्वयंपाकघर घासलं, पडदे धुतले, खिडक्या पुसल्या. दुपारी मात्र पडदे वाळत घालायला बाहेर गेले आणि तिथेच बसून राहिले. समोर डोंगर, त्यावर अरअरची, म्हणजे जुनिपरची, काळपट हिरवी झाडं, आणि भिंतीवर खरोखरच माकडांचं एक कुटुंब. त्यातली म्हातारी माकडीण माझी सगळी बिस्किटं घेऊन गेली आणि मला राग आला नाही. ऑफिसात असं कुणी केलं असतं तर मी मेल पाठवली असती.

मला तिथे बरं वाटलं. हे लिहायलाच हवं, कारण नंतरची लाज त्याच्यामुळेच मोठी झाली. रविवारी दुपारपर्यंत मी मनात फर्निचर लावून टाकलं होतं. टेबल खिडकीशी, फ्रीज मागच्या पडवीत. मालकीणबाईंना संध्याकाळी हो सांगणार होते. दोन दिवसांत भाभींची मुलगी मला एकदाही आठवली नव्हती. एकही नमाज चुकवली नाही आणि प्रत्येक वेळी स्वतःपुरतंच मागितलं.

अस्रच्या, दुपार उतरतानाच्या नमाजनंतर फोन वाजला. व्हिडिओ कॉल, भाभींचा. मी कापला. पुन्हा वाजला. तोही कापला आणि साधा फोन लावला.

"अगो, दाखव ना जरा हरम, काबा दिसू दे. मुलीला पण बसवलंय बाजूला. भीड आहे का?"

"नाही."

"तवाफचे फेरे झाले?"

मागे मुलीचा आवाज आला, "अम्मी, त्यांना दम तरी खाऊ द्या." ती हसत होती. ती हसत होती म्हणून मला पुढचं खोटं बोलता आलं नाही. नाहीतर बोलले असते, हे मला पक्कं माहीत आहे.

"भाभी, मी ताइफलाच आहे."

"मग उद्या जाणार?"

"नाही. मी उमऱ्याला आलेच नाही. इथे एका बागेत राहायला आले."

"कुणाकडे?"

"कुणाकडे नाही. एकटीच."

"बरं नाही का तुला?"

"बरी आहे. जरा शांत बसायला आले."

भाभींनी फोन घेऊन खोली बदलली असावी. दार लागल्याचा आवाज आला. मग त्या हळू आवाजात बोलल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"मग तेव्हाच बोलायचं ना गो. वरच्या मजल्यावरची परवाच गेली मक्केला. तिला सांगितलं असतं. मी तिला म्हटलं, माझ्यासाठी काही मागू नकोस, माझं माणूस चाललंय."

मला जे येतं ते मी केलं, व्यवस्था लावायला गेले. म्हणाले, "इथून दीड तासाचा रस्ता आहे. मी आत्ता परमिट बघते, गाडी करते. रात्रीपर्यंत पोहोचते. पहिली दुआ तिचीच मागते."

"नको."

"भाभी, खरंच जाते."

"लाजेखातर केलेला उमरा माझ्या लेकीला नको," त्या म्हणाल्या. "तू बस शांत. त्यासाठीच गेलीस ना?"

फोन बंद झाला.

नवऱ्याला फोन केला. तो नेहमीसारखं काही विनोदी बोलेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "त्या काल मला जिन्यात भेटल्या. तुझी फार तारीफ करत होत्या. मी काही बोललो नाही." मग म्हणाला, "आता दोघांच्याही तोंडाला काळं."

मी भिंतीपाशी जाऊन बसले, पण आता तिथे बसता येईना. तोच डोंगर, तीच झाडं, पण मला सारखं वाटत होतं की मी कुणाचं तरी घेऊन बसले आहे. मक्केला जावं का, याचा विचार मी मगरिबपर्यंत, दिवस मावळेपर्यंत केला. गेले असते तर काब्यासमोर उभं राहून मी त्यांच्या मुलीसाठी मागितलं असतं की भाभींनी मला माफ करावं म्हणून मागितलं असतं, हे मला सांगता येईना. जे सांगता येत नाही ते करू नये, असा सरळ हिशेब केला. तिकीट बदललं. मालकीणबाईंनी घराचं विचारलं. "नंतर कळवते," म्हणाले. त्यांनी जबरदस्तीनं डाळिंबं बांधून दिली. ती बघूनही मला लाज वाटली, कारण मक्केहून आलेली बाई झमझमचं पाणी आणि खजूर आणते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानानं दम्मामला उतरले. गाडी विमानतळावरच लावलेली होती. घरी न जाता सरळ इमारतीच्या दाराशी आणली. भाभी आणि मुलगी फूटपाथवर टॅक्सीची वाट बघत उभ्या होत्या. मी काच खाली केली.

"बसा."

मुलीनं आईकडे पाहिलं. भाभी रस्त्याकडे बघत होत्या, टॅक्सी येते का ते. मग त्यांनी मुलीला पुढे बसवलं, तिचा पट्टा स्वतः लावला आणि मागे जाऊन बसल्या. फोनवर टॅक्सी रद्द केली. रस्त्यात मुलीनं एकदा फक्त काच वर करायला सांगितली.

हॉस्पिटलमध्ये आत एकालाच सोडत होते. मी तळघरातल्या पार्किंगमध्ये बसले. समोर काँक्रीटचा खांब होता. त्याच्याकडे बघून मी मुलीसाठी मागितलं, फक्त तिच्यासाठी, आणि मागून झाल्यावर स्वतःचं काही जोडलं नाही.

पाऊण तासानं दोघी लिफ्टमधून आल्या. मुलगी रडत होती, मला क्षणभर काही कळेना. तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "आंटी, ठोके आहेत. मोठ्यानं ऐकवले डॉक्टरनं."

मी भाभींकडे वळले. त्या मागच्या सीटवर बसून ओढणी सारखी करत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"चल, तिला नीट घरी सोड," त्या म्हणाल्या. "स्पीड ब्रेकरवर सावकाश."

मी गाडी काढली आणि घरापर्यंत प्रत्येक स्पीड ब्रेकरवर जवळजवळ थांबत नेली.