जेवलेल्या बेअरिंगला आणखी एक घास

नवे साहेब कारखान्यात रुजू झाले त्या सकाळी त्यांचं स्वागत बुटांच्या एका जोडीने केलं. बूट साहेबांच्याच खुर्चीखालून बाहेर आले होते, आणि आत अशी ठोकाठोक चालली होती की टेबलाखाली जहाज बांधलं जात असावं. साहेब दारातच थबकले. त्यांना वाटलं, आधीचे साहेब अजून गेलेच नाहीत, नुसते घसरलेत.

"बसू नका!" खुर्चीखालून आरोळी आली. "चाक तुटेल!"

"तुटलंय का?"

"छे! म्हणून तर बदलतोय."

हे पानेकाका. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल त्यांच्याकडे. हातात कायम पाना, म्हणून पानेकाका. आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्यांचं त्यांनाही आठवावं लागे. तरुणपणी त्यांच्या डोळ्यांदेखत, सगळ्या यंत्रांना दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर अचानक बंद पडला होता आणि अख्खा कारखाना हातावर हात ठेवून बसला होता. तेव्हापासून त्यांनी धसका घेतला. ठणठणीत यंत्र दिसलं की ते उघडायला घेत. घरीही तीच तऱ्हा.

"अहो, चालतोय तो पंखा, चालू द्या की!" बायको ओरडे. "उद्या माझे गुडघे उघडून बघाल!"

काका तिच्या गुडघ्यांकडे विचारपूर्वक बघत.

साहेबांनी देखभालीचा खर्च पाहिला आणि त्यांना घाम फुटला. यंत्रं बिघडून थांबत त्याहून जास्त काकांच्या मायेपोटी थांबत होती.

"काका, आपले कॉम्प्रेसर दोन. एक तुमच्या वेळापत्रकाने चालवा. दुसऱ्याचा आवाज, ताप, थरथर रोज तपासायची. काही वेगळं जाणवल्याशिवाय उघडायचा नाही. जो आधी दगा देईल, त्याची पद्धत बंद."

"आणि माझी बंद झाली तर?"

"हत्यारांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे."

काकांचा चेहरा उतरला. त्या किल्लीपायी त्यांनी बढती नाकारली होती.

मग काका पेटले. आपल्या कॉम्प्रेसरचे पट्टे बदलले, फिल्टर बदलले, घट्ट नट आणखी घट्ट केले. ग्रीस वेळापत्रकात महिन्यातून एकदाच होतं. पण इथे किल्ली पणाला लागलेली! काका जाता-येता ग्रीसगन दाबून बेअरिंगला एकेक घास भरवू लागले. नातवामागे ताट घेऊन धावणाऱ्या आजीनेही म्हटलं असतं, आता पुरे. दुसऱ्या कॉम्प्रेसरकडे ते सुस्कारा टाकून बघत. "पोरका बिचारा!"

एका दुपारी काकांचा लाडका किंचाळला, धूर ओकला आणि थांबला. उघडून पाहिलं तर बेअरिंग जळालेलं. ग्रीस जास्त कोंबलं की ते आतल्या आत घुसळत राहतं आणि बेअरिंग तापतं, हे नव्या लोकांना आजवर कोणी शिकवलं होतं? काकांनीच. शेजारी पोरका मजेत घुरघुरत होता.

"जेवलेल्याला भरवलं की अजीर्ण व्हायचंच," घरी बायको म्हणाली. "तुमच्या स्वतःच्या पोटावरूनच कळायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी काकांनी किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब समाधानाने मागे रेलले, आणि खुर्चीचं काकांनी बदललेलं चाक निखळलं.

पुढे कंपनीने कोण जिंकलं, कोण हरलं हे न बघता दोन्ही कॉम्प्रेसर भंगारात काढले आणि भाड्याचा एक आणला. त्याची देखभाल भाड्याने देणारे करतात.